कॅनडात मोठ्या वयात इंग्रजीच्या वर्गाला जाताना

माझी आई सांगली जिल्ह्यात ३२ वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती टोरोंटोशेजारच्या मिसिसागाला आमच्याकडे कायमची राहायला आली. तेव्हा दारावर कुरिअरवाला आला की ती आतल्या खोलीत निघून जायची. "मला नाही बाबा इंग्रजी येत," असं म्हणायची, आणि संध्याकाळी नातवाच्या शाळेतून आलेली दोन पानी सूचना स्वतः वाचून मला त्यातलं काय ते सांगायची. अडचण कुठे आहे हे त्या घरात कोणालाच कळत नव्हतं, मलाही नाही.

आईच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. स्पेलिंग पाठ, शब्दार्थ पाठ, वहीभर ऍक्टिव्ह-पॅसिव्ह. तोंड उघडून बोलायची वेळ वर्गात कधी आली नाही आणि वर्गाबाहेर तर नाहीच. म्हणजे यांना इंग्रजी येत नाही असं नसतं, ते बोलायला कधी लागलेलंच नसतं. हा फरक ध्यानात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

हे सगळं ऑन्टॅरिओत, त्यातही टोरोंटो आणि आसपास राहणाऱ्यांसाठी लिहितो आहे. इतर प्रांतांत ठोकळ चौकट अशीच आहे, बारकावे वेगळे. क्युबेकमध्ये सगळा भर फ्रेंचवर असल्याने तिथला मार्गच निराळा.

आधी आपलं स्टेटस पाहा

नव्याने आलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गांना सगळे 'लिंक' म्हणतात. पूर्ण नाव लँग्वेज इन्स्ट्रक्शन फॉर न्यूकमर्स टू कॅनडा, सुरुवात १९९२ ची. फी नाही. पण ते सगळ्यांसाठी नाहीत. पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो ते, आणि ज्यांना निर्वासित म्हणून संरक्षण मिळालं आहे ते, यांच्यासाठी मुख्यतः ते आहेत.

आपल्याकडचे बरेच जण इथेच गोंधळतात. आई-वडील सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर आले असतील, तर ते एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकत असले तरी कागदोपत्री पाहुणेच असतात. त्यांना लिंक मिळत नाही. वर्क परमिट, स्टडी परमिट, शिक्षण संपल्यावरचं परमिट यांवर असणाऱ्यांनाही सहसा नाही. आणि उलट्या बाजूने, नागरिकत्व मिळालं की लिंकचं दार बंद होतं. म्हणून पीआर मिळाल्यावर "आधी नोकरी, घर लागू दे, मग बघू" असं म्हणत वर्षं घालवू नका. बायको किंवा नवरा घरी असेल, आई-वडील पीआरवर आले असतील, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच या मागे लागा. नियम अधूनमधून बदलतात, आणि लवकर गेलेल्याचं त्यात सहसा नुकसान होत नाही.

नागरिक झालेल्यांसाठी ऑन्टॅरिओत स्कूल बोर्डांचे, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांचे, प्रौढांचे ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) वर्ग आहेत. त्यांना प्रांत सरकार पैसे देतं. परमिटवर असणाऱ्यांना तिथे बहुधा फी भरून जावं लागतं, ती किती हे बोर्डाला विचारून घ्या. सुपर व्हिसावरच्या आई-बाबांसाठी माझं पहिलं उत्तर सार्वजनिक ग्रंथालय हेच आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

असेसमेंट: ही परीक्षा नव्हे

वर्गात थेट जाऊन बसता येत नाही. आधी असेसमेंट सेंटरमध्ये जाऊन तुमची पातळी ठरवली जाते. टोरोंटोत हे काम वायएमसीए ही सेवासंस्था करते. तुमच्या भागातलं केंद्र कोणतं ते २११ या नंबरवर फोन केलात की सांगतात. हा फोन फुकट आहे आणि दुभाषाही मागता येतो. केंद्रात जाताना पीआर कार्ड न्या. ते अजून आलं नसेल तर उतरताना मिळालेलं कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्सचं पत्र न्या. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

तिथे चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतात: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. प्रत्येकाला कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क, म्हणजे सीएलबीच्या मापात वेगळा आकडा मिळतो. हे माप १ ते १२ असं आहे. १ ते ४ सुरुवातीची पायरी, ५ ते ८ मधली, ९ ते १२ वरची. अंदाज यावा म्हणून सांगतो: आयईएल्टीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ६ मिळाले तर ते सीएलबी ७ धरतात.

आईचे आकडे असे आले: वाचन ५, लेखन ४, ऐकणं ३, बोलणं २. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी माणसांचे आकडे मी नंतर पाहिले, आणि ही उतरण जवळपास तशीच असते. घरी परतताना आई गाडीत बराच वेळ गप्प होती. शिक्षिका होती ना. दोन या आकड्याकडे ती नापासाचा शेरा म्हणून पाहत होती. मी तिला म्हटलं, "अगं आई, पहिलीत आलेल्या पोराला तू नापास म्हणायचीस का?" त्यावर ती लगेच काही बोलली नाही, पण तो कागद तिने नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

असेसमेंटला जाण्याआधी घोकंपट्टी करू नका. "मुद्दाम कमी बोल, म्हणजे जास्त दिवस वर्ग मिळेल" असा सल्ला देणारे भेटतात, आणि "जास्त दाखव, म्हणजे लवकर सुटशील" असं सांगणारेही. दोन्ही ऐकू नका. पातळीपेक्षा वरच्या वर्गात बसलेला माणूस पहिल्या आठवड्यात गप्प होतो आणि तिसऱ्या आठवड्यात घरी बसतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

आणखी एक, हे मुलांना आणि नवऱ्यांना उद्देशून. रिसेप्शनवर आईला नाव विचारलं आणि उत्तर मी दिलं. जन्मतारीख विचारली, तीही मीच सांगितली. समोरची बाई अगदी मृदूपणे म्हणाली की त्यांनाच सांगू द्या. त्या क्षणी मला कळलं की गेले आठ महिने दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे मी हेच करत होतो. आईचं बोलणं २ वर राहण्यात माझाही वाटा होता.

वर्ग निवडताना

असेसमेंट झाल्यावर तुम्हाला जवळच्या शाळांची नावं देतात. वर्ग स्कूल बोर्ड चालवतात, कॉलेजं चालवतात, वस्तीतल्या सेवासंस्था चालवतात. सकाळचे पूर्णवेळ वर्ग आठवड्याला साधारण २० ते २५ तासांचे असतात. अर्धवेळ, संध्याकाळचे, शनिवारचे आणि ऑनलाइनही असतात. जागा रिकामी नसेल तर नाव प्रतीक्षायादीत घालतात. नोकरदारांमुळे संध्याकाळचे वर्ग लवकर भरतात.

जी शाळा एका बसने गाठता येते ती घ्या, मग दुसरीचं नाव कितीही मोठं असो. नोव्हेंबर ते मार्च बर्फात दोन बस बदलून जायचं म्हटलं की साठीच्या माणसाचा उत्साह डिसेंबरातच ओसरतो.

लहान मूल असेल तर काही केंद्रांत त्याच इमारतीत पाळणाघराची सोय असते. शाळेत न जाणाऱ्या मुलांना तिथे घेतात, आई किंवा बाबा वर्ग चालू असेपर्यंत इमारतीतच असावे लागतात. भारतातलं लसीकरणाचं कार्ड सोबत आणलं असेल तर ते काढून ठेवा, मागतात. या सोयीच्या जागा वर्गाच्या जागांपेक्षाही कमी असतात, म्हणून असेसमेंटच्या वेळीच विचारा.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? नोकरी किंवा तान्हं मूल यांमुळे दुसरा इलाज नसेल तर ऑनलाइन. पण ज्याचं बोलणं अडलं आहे त्याने समोरासमोरच्या वर्गातच जावं, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर माइक बंद करून बसता येतं. वर्गात शेजारची बाई पेन मागते, तेव्हा बोलावंच लागतं.

कुणाच्या शेजारी बसायचं, हा प्रश्न लहान वाटेल. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या वर्गांत पंजाबी, गुजराती मंडळी पुष्कळ असतात. आपल्याला हिंदी येतं, त्यांनाही येतं. मग मधल्या सुट्टीत हिंदी, बसस्टॉपवर हिंदी, वर्गात शिक्षिकेची पाठ वळली की हिंदी. मैत्री छान जमते आणि इंग्रजी होतं तिथेच राहतं. आईने पहिला महिना असाच घालवला. मग शिक्षिकेने तिला एका युक्रेनियन आजींशेजारी बसवलं. दोघींची एकही भाषा जुळत नव्हती. लोणच्याच्या बरणीत पाणी का सुटतं हे एकमेकींना सांगायला त्यांच्याकडे इंग्रजीशिवाय काही नव्हतं.

वर्गात काय घडतं

पहिल्या दिवशी आपलं नाव नीट सांगा. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र असतं. हजेरीच्या यादीत ते तसंच येतं, आणि कुठल्या शब्दाने हाक मारायची हे शिक्षकाला कळत नाही. हाक मारायचं नाव कोणतं ते स्वतः सांगून टाका. कागदपत्रांवर मात्र पीआर कार्डावर आहे तेच, अक्षरन् अक्षर.

शिक्षक आले म्हणून उभं राहायचं नाही, आणि त्यांना नावाने हाक मारायची. आईला हे फार जड गेलं. ती शेवटपर्यंत 'टीचर'च म्हणत राहिली, कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. पण एक सवय सोडावीच लागते: कळलं नाही तरी मान हलवायची. आपण आदराने हलवतो, ते 'समजलं' असं धरतात आणि पुढे जातात. थांबवा. विचारा. मात्र 'आय हॅव अ डाउट' म्हणू नका. इथे त्याचा अर्थ तुमचा विश्वास बसलेला नाही असा निघतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा.

अभ्यास पुस्तकातल्या धड्यांचा नसतो. घरमालकाला हीटर बंद असल्याचं कळवणं, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचणं, मुलाच्या गैरहजेरीचा निरोप शाळेला देणं, अशी खरीखुरी कामं करायला लावतात. तुम्ही केलेल्या प्रत्येक कामाचा कागद एका फाइलीत जमा होतो, आणि वरच्या पातळीवर पाठवताना एका परीक्षेऐवजी तीच फाइल पाहतात. ती जपा. कागद हरवले तर पुढे जाणं लांबतं. दांड्या पडल्या तर जागाही जाऊ शकते; भारतात जायचं असेल तर आधी सांगून जा.

मराठी जिभेसाठी

हे वर्गात कुणी सांगेलच असं नाही, कारण शिक्षकाला मराठी येत नाही.

आपला 'प' कॅनेडियन कानाला 'ब'सारखा ऐकू येतो. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना इंग्रजीत हवेचा छोटा झोत असतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पार्क' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. 'फॉर्म' म्हणताना आपण बरेचदा 'फळ'मधला 'फ' वापरतो, दोन्ही ओठ मिटून. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडा. 'झीरो'ची सुरुवात आपण जीभ वर टेकवून करतो. जीभ न टेकवता मधमाशीसारखा आवाज काढायचा. आणि 'व' दोन आहेत: वेट म्हणजे ओले, तेव्हा ओठ गोल; व्हेट म्हणजे जनावरांचे डॉक्टर, तेव्हा दात ओठावर.

याहून मोठी गोष्ट आघाताची. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची गिळलेली. आपण 'डेव्हलप' म्हणताना जोर 'डे'वर देतो, इथे तो 'व्हे'वर असतो. जोर चुकला की बाकी उच्चार बरोबर असूनही समोरच्याला शब्द ओळखता येत नाही. नवा शब्द लिहून घेताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

मग सभ्यतेचा भाग. मराठीत 'प्लीज'ला रोजच्या बोलण्यात शब्द नाही, कारण आपल्याला तो लागत नाही. 'पाणी द्या ना' यातल्या 'द्या'मध्ये मान आहे आणि 'ना'मध्ये आर्जव. त्याचं सरळ इंग्रजी केलं की 'गिव्ह मी वॉटर' होतं, आणि शालीन माणूस उद्धट ठरतो. 'कुड आय गेट सम वॉटर, प्लीज' हा साचा पाठ करा आणि त्यात हवी ती वस्तू घाला.

डॉक्टरकडे बोलायचे शब्द मात्र आधीच जमवून ठेवा, तिथे आयत्या वेळी सुचत नाहीत. मळमळ म्हणजे नॉशिया. छातीत, घशाशी जळजळणं म्हणजे हार्टबर्न. 'पित्त झालं' याला असा एक शब्द नाही, काय होतं ते सांगावं लागतं. हातापायाला मुंग्या म्हणजे टिंगलिंग. जुलाबांना 'लूज मोशन' म्हटलं तर इथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही, डायरिया म्हणा. कळ येऊन जाणारं दुखणं, ठणकणारं, टोचणारं, नुसतं जड वाटणारं, यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतो. आमच्या फ्रिजवर अजून आईच्या अक्षरातली ती यादी आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला देवनागरीत इंग्रजी. उच्चार देवनागरीत लिहायला अजिबात संकोचू नका. आपली लिपी त्या कामाला उत्तम आहे.

वर्गाबाहेर

ग्रंथालयांत इंग्रजी गप्पांचे गट चालतात. टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत, बऱ्याच ठिकाणी असे गट आहेत, आणि मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्येही. फुकट असतात, आणि बसायला येणाऱ्याचं स्टेटस सहसा कुणी विचारत नाही. सुपर व्हिसावरच्या आई-बाबांना इथेच न्या. पहिल्या दोन वेळा सोबत जा, तिसऱ्या वेळी दारातून परत या.

मराठी माणसांत मिसळायलाही हवंच. टोरोंटोत मराठी भाषिक मंडळ आहे, गणपतीला जा, जिवाला बरं वाटतं. तिथे आधी लिंकला जाऊन आलेली माणसं भेटतात आणि कोणत्या शाळेची वेळ सोयीची, कुठली बस बरी, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.

घरी एक नियम करा. बाहेर गेल्यावर रोज एक व्यवहार शिकणाऱ्याने करायचा आणि सोबतच्याने तोंड बंद ठेवायचं. टिम हॉर्टन्समधला चहा, फार्मसीतलं औषध, बसचालकाला थांबा विचारणं. मागे रांग असली तरी. रांगेतली माणसं थांबतात. अवघडलेपणा आपल्यालाच वाटत असतो.

नागरिकत्व आणि नोकरीपुरतं

नागरिकत्वाचा अर्ज करताना १८ ते ५४ वयाच्या व्यक्तीला ऐकणं आणि बोलणं यांत किमान सीएलबी ४ असल्याचा पुरावा द्यावा लागतो. २०१७ च्या बदलाआधी ही अट १४ ते ६४ वयाला होती, त्यामुळे जुनी माहिती सांगणारे अजून भेटतात. लिंकमध्ये ही पातळी गाठल्याचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालतं. भारतात इंग्रजी माध्यमातून माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण झालं असेल तर तेही चालतं. आईचं वय पुढे गेलेलं, तिला हा कागद लागणारच नव्हता. माझ्या बहिणीला लागला, आणि तो तिने वर्ग सोडताना लगेच मागून घेतला. वर्षांनंतर शोधायला जाऊ नका.

इंग्रजी बरं आहे पण आपल्या पेशातलं बोलणं अडतं, अशांनी असेसमेंटच्या वेळी ऑन्टॅरिओच्या कॉलेजांतल्या व्यवसायनिष्ठ भाषावर्गांची चौकशी करावी.

पहिला फोन

हे पहिलं काम, पण मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण ते तुमच्याऐवजी कुणी करू नये असं मला वाटतं. असेसमेंटची वेळ घ्यायचा फोन शिकणाऱ्यानेच करावा. कागदावर देवनागरीत लिहून घ्या:

"हाय, आय ऍम अ पर्मनंट रेसिडेंट. आय वुड लाइक टू बुक अ लँग्वेज असेसमेंट."

पलीकडचं बोलणं भरभर येईल. तेव्हा: "कुड यू प्लीज से दॅट अगेन, स्लोली?"

वेळ मिळाल्यावर: "लेट मी रीड दॅट बॅक टू यू." आणि तारीख, वार, वेळ वाचून दाखवा.

ते नाव अक्षरं सुटी करून विचारतील. बी, डी, पी, व्ही फोनवर एकसारखे ऐकू येतात, म्हणून 'पी ऍज इन पीटर', 'व्ही ऍज इन व्हिक्टर' असं म्हणा. शेवटच्या अक्षराला कॅनडात आपल्यासारखंच झेड म्हणतात, तेवढा एक दिलासा. जन्मतारखेत महिना आकड्यात न सांगता नावाने सांगा, नाहीतर ३ एप्रिलचं ४ मार्च होतं. पोस्टल कोड समोर लिहून ठेवा. पीआर कार्ड हातात असू द्या, त्यावरची तारीख विचारतात.

आईचा तो पहिला फोन मात्र मीच केला होता. वर्ग सुरू झाल्यावर सातव्या महिन्यात तिला दात दुखायला लागला. तिने फ्रिजवरची यादी काढली, वहीत चार ओळी लिहिल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आम्ही बाहेर बसलो होतो. "स्लोली, प्लीज" दोनदा ऐकू आलं, मग वार आणि वेळ वाचून दाखवल्याचं. बाहेर आल्यावर ती आमच्याशी काही बोलली नाही, आधी कॅलेंडरवर तारखेपुढे वेळ लिहायला गेली.